जर्मनीला निघण्याआधी ऐरोलीच्या फ्लॅटचं मुखत्यारपत्र

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी श्टुटगार्टला जायचंय, ऐरोलीचा फ्लॅट नंतर सावकाश विकायचाय, तर जर्मनीतून अपॉस्टिल करून (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारा शिक्का घेऊन) मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, पाठवलं तर ठाण्यात चालेल का?

जर्मनीतून तरी नाही. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या हेग करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतलेला असल्याने या दोन देशांत तो करार लागू होत नाही. अमेरिकेतल्या कुणाचं काम अपॉस्टिलवर झालं असेल, त्या भरवशावर राहू नका. श्टुटगार्टवाल्यांना म्युनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास गाठावा लागतो, आणि सही तिथल्या अधिकाऱ्यासमोरच करायची, घरून करून न्यायची नाही.

म्हणून माझं ऐका आणि हे काम विमानात बसण्याआधी उरका. ज्याला अधिकार देणार त्याला घेऊन दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) जा, फोटो-अंगठा देऊन मुखत्यारपत्राची नोंदणी करून टाका. ऐरोली नवी मुंबईत असली तरी ठाणे तालुक्यात येते, त्यामुळे ठाण्याची कार्यालयं लागतात. खारघरचा फ्लॅट असता तर रायगड जिल्हा, म्हणजे पनवेल.

आता खरा पैशांचा मुद्दा. विक्रीचा अधिकार मोबदला न घेता आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलगी, नातवंडं यांना दिला तर मुद्रांक शुल्क 500 रुपये. मित्राला किंवा इस्टेट एजंटला दिला तर थेट खरेदीखताइतकं, म्हणजे काही लाख. मेहुण्याचं काय? कायद्यात ‘जवळचा नातेवाईक’ असेही शब्द आहेत, पण मेहुणा त्यात बसतो की नाही यावर खिडकीपाशी वाद घालण्यापेक्षा सख्ख्या भावाचं नाव घाला. तो पुण्याला असला तरी परवडेल.

मजकूर मात्र मोघम नको. ‘सर्व अधिकार’ असं लिहिलेला छापील नमुना वकील हमखास पुढे करतात. फ्लॅटचं वर्णन इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) वरून जसंच्या तसं उतरवा: सेक्टर, प्लॉट, सोसायटीचं नोंदणीकृत नाव, क्षेत्रफळ. खरेदीखतावर सही करणं, ते नोंदणीसाठी सादर करणं आणि निष्पादन (सही आपणच केल्याचं) कबूल करणं, हे तिन्ही वेगवेगळं लिहा. ऐरोलीत जमीन बहुतेक सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची), 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याची. म्हणून हस्तांतरणाच्या परवानगीसाठी बेलापूरला सिडकोकडे अर्ज करण्याचा, शुल्क भरण्याचा अधिकारही हवा. सोसायटी, महावितरण यांच्याकडच्या कामांचा अधिकार एका ओळीत उरकतो. पैसे भावाच्या खात्यात नकोत, तुमच्या एनआरओ खात्यातच (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) यावेत असं स्पष्ट लिहा. भावावर विश्वास असला तरी खरेदीदाराचा वकील खूश होतो. पासपोर्टवरचं नाव आणि करारनाम्यावरचं नाव वेगळं असेल (लग्नानंतर बदललेलं, वडिलांचं नाव गाळलेलं), तर ते निघण्याआधीच निस्तरा.

एवढं करूनही जर्मनीतूनच पाठवायची वेळ आली, तर दूतावासातून साक्षांकित झालेला मूळ कागद कुरिअरने भावाकडे पाठवा. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा हातात पडल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं असतं. अभिनिर्णयासाठी (शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी) ठाण्याच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. मोजणी सहीच्या तारखेपासून नाही, पोचल्यापासून होते, तेव्हा कुरिअरचं पाकीट आणि पावती भावाला फेकू देऊ नका.

विक्रीच्या दिवशी त्याला एक घोषणापत्रही द्यावं लागेल, की लिहून देणारे हयात आहेत आणि मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही. वाचायला अभद्र वाटतं, पण मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं, म्हणून ते मागतात. कागद जुना असेल तर खरेदीदाराची बँक तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला मागू शकते. तेव्हा भारताची वेळ जर्मनीपेक्षा साडेतीन-साडेचार तास पुढे असते, एवढं बँकेला आधी सांगून ठेवा.