एअर पिस्तूलसाठी हलका छर्रा घ्यावा की जड?

बालेवाडीत १० मीटर एअर पिस्तूल शिकताय, तर हलके, सपाट तोंडाचे छर्रेच घ्या: ४.५ मिमीचे, साधारण ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे. ०.५३ ग्रॅमचे सहसा रायफलवाले वापरतात. मीही तिथेच सराव करतो, त्या अनुभवावरून सांगतोय. हवेचा जोर तेवढाच असल्याने हलका छर्रा नळीतून लवकर सुटतो, आणि एका हातात धरलेलं पिस्तूल तेवढ्यात कमी हलतं. सपाट तोंडाचं कारण कागदी टार्गेटवर दिसतं. पंच मारल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पडतं. टोकदार छर्र्याने कागद फाटतो, कडा आत दबतात. टार्गेटवरच्या वर्तुळाच्या रेषेला भोकाचा नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, आणि फाटक्या भोकावरून तेच कळत नाही!

मात्र वजनापेक्षा तुमच्या नळीला काय मानवतं ते महत्त्वाचं. एकाच वजनात डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा बदलतो. पिस्तूल शिकंज्यात पक्कं धरून प्रत्येक डबीतले १० छर्रे मारून बघा. ज्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सगळ्यात घट्ट येईल ती डबी घ्या. खालचा घेर चेपलेला छर्रा मात्र बाजूलाच काढा.