ठसा साठतो कुठे, ते आधी विचारा

प्रश्न : आमच्या कार्यालयात चाळीस जण आहेत. रोज कुणी ना कुणी पासवर्ड विसरतं, म्हणून दुसरी सोय शोधतो आहोत. एक विक्रेता बोटाच्या ठशाचं यंत्र घ्या म्हणतो, दुसरा प्रत्येकाला यूएसबी सुरक्षा-किल्ली, म्हणजे लॉगिन करताना संगणकाला लावायचं छोटं उपकरण, द्या म्हणतो. कोणाचं ऐकावं?

उत्तर : ठशाचं यंत्र विकणाऱ्याला आधी विचारा, ठसा साठतो कुठे? ‘आमच्या सर्व्हरवर’ म्हणाला, तर त्याला परत पाठवा. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, बोट नाही. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. त्या माणसांना ते आता जन्मभर निस्तरायचं आहे.

फोनमधला ठसा निराळा. २०१३ मध्ये आयफोन ५एस आला, तेव्हापासून ठशाची नोंद फोनच्याच बंदिस्त भागात राहते. तो फोन बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवरच्या ठशाच्या फोटोवरून नकली बोट करून तो उघडून दाखवला. तरी मी ही पद्धत चांगलीच मानतो, कारण त्यासाठी चोराला फोनही हातात लागतो आणि ठसाही.

तुमचा खरा चोर लांब बसून खोटं लॉगिन पान पाठवणारा आहे. मी कित्येक वर्षं किल्ल्यांच्या जुडग्यात टोकन बाळगलं. छोट्या पडद्यावर सहा आकडे, मिनिटाला बदलणारे. पाचवा आकडा टाइप करेपर्यंत नंबर पालटायचा. पण तोच नंबर खोट्या पानावर टाकला, की चोर त्याच मिनिटात तो खऱ्या साइटवर वापरून मोकळा. फिडो२ या लॉगिनच्या ठरलेल्या पद्धतीने चालणारी यूएसबी किल्ली इथे वाचवते. ती ज्या साइटवर नोंदवली, त्याच पत्त्याला उत्तर देते; पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी गप्प राहते. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. गूगलने ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या दिल्या आणि २०१८ मध्ये सांगितलं, की त्यानंतर कामाचं एकही खातं असं फसवून कुणाला मिळवता आलेलं नाही.

तेव्हा किल्लीच घ्या. ठसा हवाच असेल तर किल्लीवरच ठसा वाचणारी मिळते. नोंद तिच्यातच राहते. मात्र ज्यांची बोटं कामाने झिजली आहेत त्यांचा ठसा नीट उठत नाही, त्यांना पिन ठेवू द्या. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फिडो२ घेतं का, हे पैसे देण्याआधी समोर बसून तपासा. आणि माणशी दोन किल्ल्या घ्या, दुसरी कपाटात कुलूपबंद. मी एका सहकाऱ्याला एकच दिली होती. ती प्रवासात हरवली आणि तो दोन दिवस कामाबाहेर राहिला. चूक माझी होती.

दोन्ही किल्ल्या हरवल्या तर काय, हेही आजच ठरवा. नुसत्या फोनवर नाव सांगून नवी किल्ली नोंदवून मिळत असेल, तर चोर तिथेच फोन करेल. त्या माणसाला समोर बोलवा, ओळखपत्र बघा, मगच नोंद करा.