वाचकांचे प्रश्न : मँगनीजचे काळे दगड

प्रश्न : तुमसरजवळ मामांच्या शेताच्या बांधावर दोन काळे, जड दगड मिळाले. एक नुसता हातात घेतला तरी बोटे काजळ लागल्यासारखी होतात. दुसरा द्राक्षांच्या घडासारखा फुगीर असून त्यावर चाकूने ओरखडाही उठत नाही. गावात दोन्हींना मँगनीजच म्हणतात. मग एवढा फरक का? – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : गावकरी म्हणतात ते बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, कारण भंडारा, नागपूर आणि शेजारचा बालाघाट हा मँगनीजचा जुना पट्टा आहे आणि डोंगरी बुजुर्गची प्रसिद्ध खाण तुमसर तालुक्यातच आहे. बोटे काळी करणारा दगड बहुधा पायरोल्युसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड असावा. त्याच्या सुट्या स्फटिकाची कठिनता मोह्सच्या 1 ते 10 या मापनावर 6 ते 6.5 भरते, परंतु हे खनिज बहुतेक वेळा अतिसूक्ष्म कणांच्या भुसभुशीत पुंजक्यांतच सापडते, ते कण एकमेकांना घट्ट धरून नसतात, आणि म्हणून बोटाला काजळी लागते. घडासारख्या कठीण दगडाला सायलोमेलेन म्हणण्याची प्रथा आहे. हे एकच खनिज नसून बेरियमयुक्त रोमानेचाइट, पोटॅशियमयुक्त क्रिप्टोमेलेन अशांचे घट्ट मिश्रण असते, आणि त्यांतले नेमके कोणते, हे क्ष-किरण तपासणीशिवाय सांगता येत नाही. काळ्या रंगावरून खनिजाचे नाव ठरवण्याची घाई करू नये, असे मी आवर्जून सांगेन.

आता हे दगड तयार कसे होतात ते पाहू. मँगनीज पाण्यात विरघळते ते द्विसंयुजी, म्हणजे अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत. ऑक्सिजन मिळाला, की आणखी दोन इलेक्ट्रॉन गमावून ते चतुर्संयुजी होते आणि काळ्या ऑक्साइडच्या रूपाने साक्याप्रमाणे बसते, आणि काही जीवाणू या कामाला वेग देतात. आपल्या पट्ट्यात अतिप्राचीन समुद्रात साचलेला असा मँगनीजयुक्त गाळ पुढे उष्णता व दाब यांनी रूपांतरित झाला आणि त्यातून ब्राउनाइटसारखी खनिजे व गोंडाइट हा खडक तयार झाला. गोंड समाजावरून हे नाव देणारे फर्मोर हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी होते. पुढे हे खडक उघडे पडून त्यांत पावसाचे पाणी मुरत गेले, तसतशी मूळ खनिजे बदलून वरच्या थरांत पायरोल्युसाइट आणि क्रिप्टोमेलेन वाढले. आपले दोन्ही दगड बहुधा या शेवटच्या टप्प्यातले आहेत.

घरी पडताळायचे असेल, तर दगड न चकाकवलेल्या चिनीमातीवर घासावा : हेमॅटाइट या लोहखनिजाचा कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ, तांबूस येतो, यांचा काळा. मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाचाही कस काळाच असतो, मात्र त्याला लोहचुंबक चिकटतो. औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब पायरोल्युसाइटच्या भुकटीवर टाकला, तर ऑक्सिजन सुटून जोराने फेस येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र चुकूनही वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. भुकटी श्वासावाटेही जाऊ देऊ नये.

प्रश्न : फरशीच्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे. तो जीवाश्म आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही. मँगनीजयुक्त पाणी खडकाच्या बारीक फटीत झिरपले, की ऑक्साइड फांद्याफांद्यांनी साचत जाते. भिंगातून पाहावे : खऱ्या पानाची मधली शीर आणि तिच्यातून निघालेल्या उपशिरा येथे दिसणार नाहीत, फटीच्या कडेपासून आत पसरत गेलेले फाटेच तेवढे दिसतील.