सायकलवर लेहला जायचंय, एफडी मोडू का?

पारोळ्याच्या एका जोडप्याचं पत्र आलंय. भाऊंचं कृषी सेवा केंद्र, ताई खासगी लॅबमध्ये टेक्निशियन. सातवीतल्या मुलीला आजीकडे ठेवून येत्या जुलैत मनाली ते लेह सायकलने जायचं, असा २५ दिवसांचा बेत. खर्च त्यांनीच मांडून दिलाय: दोन नव्या सायकली १,४०,०००, जाताना रेल्वे आणि बस १४,०००, राहणं-खाणं ७५,०००, गरम कपडे, पिशव्या, अवजारं ३५,०००, लेहहून विमान आणि पुढे घरापर्यंत २६,०००. एकूण २,९०,०००. जवळ बँकेत ५ लाखांची एफडी, तिची मुदत फेब्रुवारीत संपते. पतसंस्थेत २ लाख, मुलीसाठी महिना ५,००० ची एसआयपी, ताईंचं आठ तोळे सोनं. घरकर्जाचा हप्ता १४,०००. विचारतात, एफडी मोडू की सोनं तारण ठेवू? सासऱ्यांचं मत वेगळंच: ‘एवढ्या पैशात अख्खं घर चारधाम करून येईल.’

भाऊ, ताई, तुम्ही जा. पण जुलैत नको आणि यंदाही नको.

तुमच्या हिशेबात सायकलीची बेल सुटलेली नाही, पण दुकान सुटलंय. जुलै म्हणजे खतं आणि फवारणीचा महिना. तुम्हीच लिहिलंय की जुलैत दुकान ७०,००० निव्वळ देतं. ताईंचा बिनपगारी महिना १८,००० चा. म्हणजे सहल २,९०,००० ची नाही, ३,७८,००० ची झाली. आणि हप्ता, एसआयपी, दुकानाचं भाडं काही तुमच्याबरोबर सायकलवर बसत नाही, ते इथे चालूच राहतं.

त्याहून मोठी गोष्ट उधारीची. बियाणं, खत, औषध शेतकरी नेतो आणि पैसे देतो दसरा-दिवाळीला, कापूस घरात आल्यावर. कंपनीच्या डीलरला मात्र तुम्हाला आधी द्यावे लागतात. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात तुमचा गल्ला वर्षातला सगळ्यात रिकामा असतो, आणि त्या काळात तुम्हाला झोप लागते ती या ५ लाखांच्या जोरावर. तुम्ही पत्रात तिला ‘पडून असलेली एफडी’ म्हटलंय. ती पडून नाही, ती दुकान सांभाळते आहे. ती जूनमध्ये मोडलीत आणि बोंडअळीने एखादं साल खाल्लं, तर डिसेंबरात तुम्ही वसुलीला फिराल आणि डीलर तुमच्याकडे. एरवी अडीनडीला एफडी मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज घेतलेलं बरं, व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं. पण हौसेसाठी तेही नको.

सोन्याबद्दल फार लिहीत नाही. ते ताईंचं आहे, आणि कापसाच्या भावावर सोडवायचं सोनं सहलीसाठी गहाण टाकू नये. एसआयपीला हात लावायचा नाही.

पतसंस्थेतले २ लाख हा विषय तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पतसंस्था बुडताना पाहिलेल्या आपल्या जळगाव जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. मुदत संपली की पैसे बँकेत आणा.

आता रस्त्याचं. मनाली-लेह साधारण सव्वाचारशे किलोमीटर. बारालाचा ला, लाचुलुंग ला, टांगलांग ला अशा खिंडी. शेवटची ५,३०० मीटरच्या वर. मध्ये गाटा लूप्सची २१ वळणं आणि मोरे मैदानाचं उघडं माळरान, जिथे झाड नाही आणि दुपारनंतर समोरून वारा. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात चांगला. हिमाचलातला पाऊस ओसरायला लागतो, नाल्यांचं पाणी उतरतं, दरडी कमी पडतात. रात्री मात्र गोठवतात, तेव्हा गरम कपड्यांच्या आकड्यात काटकसर करू नका. सप्टेंबरात दुकानही मेहुणे आणि तुमचा दुकानातला माणूस मिळून रेटू शकतात असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. तुमचा अंदाज २०,००० च्या फटक्याचा आहे, तो मी धरतो.

काटकसर सायकलीत करा. फोटोतल्या दोन्ही जुन्या सायकली स्टीलच्या फ्रेमच्या, जाड टायरच्या आहेत. चढाला लागतो हलका गिअर, म्हणजे मागे मोठी कॅसेट, मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच. सोबत नवे टायर, ब्रेक पॅड, चेन आणि मागचं मजबूत कॅरिअर. दोन्ही मिळून २०,००० त भागावं. सत्तर हजारांची सायकल पारोळ्यात परत आल्यावर काय करणार, दुकानापर्यंत नेणार?

वाचलेल्या १,२०,००० तले ४०,००० मात्र वेगळे ठेवा, अडकण्यासाठी. उंचीचा त्रास वाढला तर खात्रीचं औषध एकच, खाली उतरणं. मग तिथून जीप करावी लागते आणि जीपवाला त्या वेळी जो आकडा सांगेल तो द्यावा लागतो. दरडीने दोन दिवस गेले की विमान चुकतं. म्हणून स्वस्तातलं, पैसे परत न मिळणारं तिकीट घेऊ नका. वाटेवरच्या सरचू-पांगच्या तंबूंत फोनला रेंज धरून चालू नका, म्हणजे यूपीआयही नाही. रोख त्याआधी लागणाऱ्या केलाँगलाच काढा आणि दोघांत वाटून ठेवा. निघण्याआधी हप्त्याच्या खात्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम असू द्या, चेक बाउन्सचा मेसेज तिथे पोचणारही नाही.

आरोग्य विम्याच्या एजंटाला तोंडी नाही, ईमेलवर विचारा: सायकलप्रवास ‘साहसी खेळां’त धरता का, आणि उंचावरून खाली आणण्याचा खर्च देता का. बहुतेक पॉलिसी दवाखान्याचं बिल बघतात, तिथवर पोचवण्याचं नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा विमा, प्रत्येकी वर्षाला २० रुपयांचा आहे, खात्यातून कटतो का ते पासबुकात बघा.

तर नवा आकडा: २०,००० + १४,००० + ७५,००० + ३५,००० + २६,००० + ४०,००० = २,१०,०००. हा यंदाच्या उधारीतून उभा करायचा. नोव्हेंबर ते जानेवारी वसुलीतून महिना ५०,०००, फेब्रुवारी ते जुलै महिना १०,०००. वेगळ्या बचत खात्यात, दुकानाच्या खात्यात नाही. तिथे ठेवलेत तर मार्चमध्ये त्याचं युरिया होईल. ताईंचा पगार आणि दुकानाचा फटका मिळून ३८,००० ऑगस्ट-सप्टेंबरच्या घरखर्चातून सोसावे लागतील, ते आत्ताच ठरवा.

वसुली कमी झाली तर रक्कम कमी करू नका, तारीख पुढे ढकला.

दिवाळीनंतर दोन्ही सायकलींवर पूर्ण सामान लादून एकदा शहाद्याकडून तोरणमाळ चढून या. साडेअकराशे मीटरला हवा विरळ होत नाही, पण सामानासकट घाटात दोघांचा वेग जुळतो की नाही ते कळेल. विमानाचं तिकीट त्यानंतर. आणि निघताना उधारीच्या वहीची झेरॉक्स मेहुण्यांकडे द्या, मूळ वही कपाटात कुलूप लावून.