प्रवाळांची लावणी करण्याआधी भित्ती कशाने मेली ते पाहा

आपण विचारले आहे की, एका लहान उष्णकटिबंधीय बेटाभोवतीची प्रवाळभित्ती बरीचशी मेली असेल, तर प्रवाळांचे तुकडे लावून ती पुन्हा उभी करता येते का. उभी करता येते, पण ती कशाने मेली हे आधी शोधावे लागते. या विषयाचा अभ्यास सुरू केला तेव्हा मलाही लावणी हाच मुख्य उपाय वाटत असे. आता मी तिला शेवटची पायरी मानतो.

प्रवाळ हा प्राणी आहे, त्याच्या चुन्याच्या सांगाड्यांतून भित्ती बनते, आणि त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग पुरवते. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा सुमारे 1 अंश सेल्सिअसने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते, पाणी वेळेत थंड झाले तर ते सावरते. म्हणून अशा भित्तीवर लगेच लावणीसाठी छिन्नी-हातोडा घेऊन उतरू नये.

लहान बेटावर जमीन आणि भित्ती यांच्यात अंतर जवळजवळ नसते, आणि ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बेट सच्छिद्र चुनखडीचे असेल तर शौचालयाच्या शोषखड्ड्यात गेलेले पाणी जमिनीखालून झिरपत भित्तीपर्यंत पोहोचते, त्यातील पोषकद्रव्यांवर मोठे शैवाल माजते आणि प्रवाळाच्या पिलांना चिकटायला मोकळा खडक उरत नाही. उघड्या जमिनीवरून वाहून येणारा गाळ प्रवाळांवर बसतो आणि त्यांचा ऊनप्रकाश अडवतो. हे मोठे शैवाल खाऊन खडक स्वच्छ ठेवण्याचे काम पोपटमाशांसारखे शाकाहारी मासे आणि काटेरी सी-अर्चिन करतात. जमैकामध्ये असे मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते. 1980 च्या वादळाने प्रवाळ मोडले आणि 1983-84 मध्ये रोगाने सी-अर्चिनही मेले, तेव्हा शैवालाला आवरणारे कोणी राहिले नाही. भित्तीवरील जिवंत प्रवाळांचे आच्छादन 1970 च्या दशकाच्या अखेरीस असलेल्या सुमारे 50 टक्क्यांवरून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 5 टक्क्यांखाली आले. अशा पाण्यात लावलेले तुकडेही शैवालाखालीच जातील.

याउलट फिलिपाइन्समधील आपो या छोट्या बेटावर 1982 पासून गावकऱ्यांनी, सिलिमन विद्यापीठातील अँजेल अल्काला यांच्या मार्गदर्शनाने, भित्तीच्या एका लहानशा भागात मासेमारी पूर्ण बंद केली. पुढील दोन दशकांत तेथे मोठे मासे वाढले आणि त्याचा लाभ राखीव भागाबाहेर जाळी टाकणाऱ्यांनाही झाला. राखणदारी स्वतः गावकऱ्यांनी केली, म्हणून बंदी कागदावर राहिली नाही, असे मला वाटते.

लावणी नेमकी कुठे उपयोगी पडते, हे इंडोनेशियातील बोंटोसुआ बेटाजवळ दिसते. तेथे स्फोटकांच्या मासेमारीने भित्तीचा चुरा झाला होता, आणि लाटांबरोबर हलणाऱ्या चुऱ्यावर प्रवाळाची पिले टिकत नाहीत. त्यामुळे वाळूचा थर दिलेल्या पोलादी षटकोनी चौकटी एकमेकींना बांधून तळ स्थिर केला गेला आणि त्यांवर तुकडे लावले गेले; चार वर्षांत भित्तीची चुना साठवण्याची गती जवळच्या निरोगी भित्तीइतकी झाल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेथे प्रामुख्याने फांद्यांची, झपाट्याने वाढणारी प्रवाळे लावली गेली होती. गोल, भरीव प्रवाळे फार सावकाश वाढतात आणि फांद्यांची प्रवाळे उष्णतेला लवकर बळी पडतात. फ्लोरिडात 2023 च्या अतिउष्ण उन्हाळ्यात, लावणीसाठी प्रवाळ वाढवणाऱ्या समुद्रातील रोपवाटिकांमधले हजारो तुकडे मेले आणि उरलेले घाईने जमिनीवरील टाक्यांत हलवावे लागले.

म्हणून आपल्या बेटावर आधी सांडपाणी आणि मासेमारी यांची व्यवस्था लावावी, होड्यांना नांगर टाकावा लागू नये म्हणून त्या बांधायला कायमचे तरंगते बोये बसवावेत, आणि मग लावणी करायचीच असेल, तर मागील उष्ण उन्हाळ्यातून वाचलेल्या वेगवेगळ्या जातींच्या अनेक वसाहतींमधून थोडे थोडे तुकडे घ्यावेत. चौकटींवरील शैवाल तिसऱ्या-चौथ्या वर्षीही कोण घासणार, हे पहिला तुकडा बांधण्यापूर्वीच ठरलेले असावे.