नवी बेस गिटार घेताना रेलिक फिनिशचे जास्त पैसे मोजावेत का?

तुम्ही विचारलंय की एकच मॉडेल साधं आणि रेलिक (म्हणजे नवीच, पण मुद्दाम जुनी-झिजलेली दिसेल अशी केलेली) असं दोन्हीत मिळतंय, तर आवाजात फरक पडतो का आणि वरचे पैसे द्यावेत का. आवाजाचं एका ओळीत सांगतो: नाही पडत. आवाज ठरवतात पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकं), तारा, सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक वगैरे जुळवणं) आणि तुमची बोटं. रंग कुठे खरवडलाय याचा त्यांना पत्ताही नसतो.

पैशांचं मात्र एका ओळीत नाही सांगता येणार. मागच्या गणपतीत ठाण्याला शो होता. साउंडचेक चालू असताना एक विशी-बाविशीचा गिटारवाला माझ्या बेसवर ओणवा झाला. "काका, सॉनिक ब्लू ओव्हर सनबर्स्ट! रेलिक कुणाकडून करून घेतलीत?" आणि धडाधड फोटो.

कुणाकडून? माझ्या थोरल्या भावाकडून. लालबागच्या एका गॅरेजात. मला न विचारता.

ही बेस म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जॅझ बेस मॉडेलची जपानी कॉपी. 1984 साली बोटीवर वाजवणाऱ्या एका गोवेकराकडून घेतलेली, तीन रंगांची सनबर्स्ट, म्हणजे मधे फिकट आणि कडेला गडद. त्या काळच्या जपानी गिटारवर जाड पॉलिएस्टर असायचं. ते सहजी झिजत नाही, त्याचे टवके उडतात. नऊ वर्षांत कडा टवकल्या होत्या, हात टेकतो तिथली चमक गेली होती, पाठीवर पट्ट्याच्या बकलचे ओरखडे होते. आणि एक खड्डा. 1988 ला नाशिकच्या शोहून परतताना टेम्पोचं फाळकं पडलं होतं, त्याचा. पाठीवर बोट फिरवलं की तो हाताला लागायचा.

1993 च्या मेमध्ये मी पंधरा दिवस चिपळूणला गेलो. परत आलो तर गॅलरीत कपड्यांच्या दांडीला तारेनं टांगलेली माझी बेसची बॉडी. आकाशी! कुणाच्या तरी पद्मिनीचा उरलेला रंग. दादाचा मित्र डेंटिंग-पेंटिंग करायचा, त्यानं फुकटात मारून दिला होता. नेक सोडवून पेपरात गुंडाळली होती एवढं नशीब. बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा ब्रिज काढायचे कष्ट कुणी घेतले नव्हते, त्याच्या सॅडलवर निळे ठिपके आजही आहेत. दादा म्हणाला, "भंगार घेऊन स्टेजवर उभा राहायचास, बरं दिसत नव्हतं." मी पाठ उलटी करून बघितली. खड्डा लांबी (पुट्टी) भरून बुजवलेला.

चार महिने बोललो नाही मी त्याच्याशी.

आता गंमत बघा. गॅरेजवाले जो ड्युको मारायचे तो नायट्रोसेल्युलोज, म्हणजे ज्या 'नायट्रो फिनिश'साठी लोक आज खिसा रिकामा करतात त्याच जातीचा. फेंडरचे जुने कस्टम रंगही गाड्यांचेच होते, सॉनिक ब्लू तर कॅडिलॅकचा. आमच्या पेंटरनं खालच्या पॉलिएस्टरला वॉटर पेपर नीट मारलाच नव्हता, त्यामुळे रंग धरला नाही. घामानं आणि हातानं सात-आठ वर्षांत कोपराजवळचा निळा निघून खालचा सनबर्स्ट उघडा पडला. हेच आता मुद्दाम करून विकतात.

फेंडरच्या कस्टम शॉपनं रेलिक 1995 मध्ये आणलं, 2009 च्या रोड वॉर्न मालिकेत बेसही आल्या. पॉलिश पेपर, पातं, किल्ल्यांचा जुडगा. लोखंडाला ॲसिडची वाफ. गार-गरम करून लॅकरला तडे. एकही ओव्हर न टाकता पॅंटवर चेंडूचा लाल डाग काढून मैदानात उतरणारा बोलर बघितलाय? तसं. मोटाउनच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सननं आपल्या फेंडर प्रिसिजन बेसच्या तारा तुटेपर्यंत बदलल्या नाहीत, जॅझवाल्या जाको पास्टोरियसनं फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) नसलेल्या आपल्या जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर जहाजांना लावतात ते इपॉक्सी ओतलं. ती डोक्यातल्या आवाजासाठी केलेली कामं होती. जाकोच्या त्या बेसची जुनाट केलेली नक्कल आता दुकानात मिळते, तिच्यासोबत जाकोची बोटं मिळत नाहीत.

शिवाय ते म्हातारपण आपल्याकडचं नाहीच. लॅकरचे ते बारीक तडे कडाक्याच्या थंडीतून एकदम उबेत आणलेल्या गिटारला पडतात. मुंबईत कुठली आलीय तसली थंडी? इथं गिटार म्हातारी होते ती स्क्रूमधून. ब्रिजचे बारके स्क्रू गंजून जाम होतात, आवाजाच्या बटणांखालचे पॉट खर्र करतात, पावसाळ्यात नेक वाकते. हे कुणी कारखान्यातून करून देत नाही. दिलं तर कोण घेईल?

हां, एक कबूल करतो. नेकची पाठ घासलेली असेल तर घामट हवेत हात चिकटत नाही, ते सुख खरं आहे. पण साध्या बेसलाही तेवढं चांगल्या कारागिराकडून करून घेता येतं. पहिला टवका उडायची धास्ती नको म्हणून रेलिक घेतात, तेही समजू शकतो. पैसे उतू जात असतील आणि दिसायला आवडत असेल तर घ्या, मी कोण सांगणारा? नाहीतर साधी घ्या, उरलेल्या पैशांत सेटअप आणि चांगल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा. फक्त घरात कुणी हौशी असेल तर सुट्टीला जाताना बेस बरोबर न्या.

त्या पोरानं काढलेला फोटो दिवाळीत दादाला दाखवला. वाटलं होतं, तीस वर्षांनी का होईना, चूक मान्य करेल. चष्मा वर करून त्यानं बराच वेळ बघितला. म्हणाला, "बघ, निळा शोभतोच. एवढं उघडं पडलंय तेवढं परत मारून आणू का?"

बेस सध्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे.