हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, तरी कोकणातल्या भाताला युरिया का घालावा लागतो?

कारण हवेतला नायट्रोजन भाताला थेट घेताच येत नाही. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की आपल्या श्वासाबरोबर आत गेलेला नायट्रोजनही तसाच बाहेर येतो. रोपाला तो अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात लागतो, आणि हे रूपांतर काही जिवाणू करतात. भातकापणीनंतर ओलीवर घेतलेल्या वालाचं किंवा कुळथाचं रोप मातीसकट अलगद काढून पाहा: मुळांवर बारीक गाठी दिसतील, त्यांतच हे जिवाणू राहतात. आतून गुलाबी असतील तर काम चालू आहे. भाताच्या मुळांवर अशा गाठी नसतात, म्हणून त्याला खत घालावं लागतं. त्यात कोकणातला पाऊस! वरून फोकलेला युरिया पाण्याबरोबर बांधाबाहेर जातो, म्हणून जोराच्या सरींच्या तोंडावर तो मुळीच टाकू नका. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत युरियाची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध चिखलात खोचतात. त्यात नासाडी बरीच कमी होते. चिखलणीआधी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला गाडला तर युरियाही कमी लागतो. मात्र वाल-कुळीथ घेतले म्हणजे खत बंद, असं समजू नका. बराचसा नायट्रोजन दाण्यांबरोबर घरी जातो, पाला आणि मुळं शेतात राहिली तरच पुढच्या भाताला काही मिळतं.